बातमी दाबली की आपोआप बुडाली?
वाचकांचे प्रश्न : तंत्रज्ञान

स्लॅशडॉट, हॅकर न्यूज, रेडिट यांसारख्या संस्थळांवर तंत्रज्ञानाच्या बातम्या वाचकच पाठवतात आणि वाचकच त्यांवर बोलतात. त्यांच्याविषयी आलेल्या बहुतेक पत्रांत एकच तक्रार आहे : संपादक पक्षपात करतात. काही पत्रलेखकांचं म्हणणं खरं असावं, काहींचं नसावं. कुणाचं खरं ते इथे बसून ठरवता येत नाही. पण ते ज्याचं त्याला घरबसल्या तपासता येतं.

स्लॅशडॉटवर मी पाठवलेली बातमी नाकारली गेली आणि दुसऱ्या दिवशी तीच बातमी दुसऱ्या सदस्याच्या नावाने झळकली. हे पहिल्यांदा झालेलं नाही. नवख्यांना डावलतात असं समजायचं का? – एक वाचक, सोलापूर

आधी दोन्ही मजकूर शेजारी शेजारी ठेवा. स्लॅशडॉट १९९७ साली सुरू झालं तेव्हापासून मूळ रचना तीच आहे : बातमी सुचवणार वाचक, पहिल्या पानावर काय लावायचं ते ठरवणार संपादक. पाठवलेलं सगळं ‘फायरहोज’ नावाच्या रांगेत पडतं. तिथे सदस्य अधिक-उणे मत देतात आणि त्यानुसार नोंदीचा रंग बदलतो. मात्र ही मतं म्हणजे नुसती शिफारस. नोंद लालभडक झाली म्हणून ती लागेलच असं नाही.

तुलना करताना पहिल्यांदा दुवा पाहा. तुमचा दुवा मूळ निवेदनाचा, शोधनिबंधाचा किंवा न्यायालयाच्या कागदाचा आहे, की त्यावर कुणीतरी लिहिलेल्या ब्लॉगचा? ब्लॉग तुमचाच असेल तर नकाराचं कारण तिथेच मिळालं. मग पहिली दोन वाक्यं वाचा. कुणी, काय, कधी हे तेवढ्यात कळतं का? शेवटचं वाक्य तर नक्कीच पाहा. ‘या कंपनीला आता तरी शहाणपण येईल का?’ अशी पुस्ती जोडलेली असेल तर संपादकाला ती खोडण्याचं काम लागतं, आणि ज्या मजकुरावर काम कमी तोच तो उचलतो. शंभर-दीडशे शब्द, मूळ स्रोतातला एखादा परिच्छेद अवतरणात, मत शून्य. तुमचं मत बातमी लागल्यावर प्रतिसादात मांडा.

हे सगळं जागेवर असूनही नकार येत असेल तर नवख्यांबद्दलचा संशय तपासता येतो. स्लॅशडॉटवर सदस्याच्या नावाजवळ त्याचा क्रमांक दिसतो. क्रमांक जितका लहान तितका सदस्य जुना. महिनाभरात लागलेल्या बातम्या घ्या आणि पाठवणाऱ्यांचे क्रमांक लिहून काढा. त्याच पाच-सात जणांची नावं परत परत आली तरी लगेच ‘कंपूबाजी’ म्हणून मोकळे होऊ नका. त्यांच्या सदस्यपानावर जाऊन त्यांनी पाठवलेल्या किती नोंदी पडूनच राहिल्या ते पाहा. शंभर पाठवून दहा लागणारा आणि तीन पाठवून एकही न लागणारा यांच्यात पक्षपात सिद्ध होत नाही. तीन हा आकडाच फार लहान आहे.

आता संपादकांच्या उघड मतांबद्दल. ऑक्टोबर २००१ मध्ये पहिला आयपॉड आला तेव्हा स्लॅशडॉटचे संस्थापक रॉब माल्डा यांनी त्या बातमीखाली शेरा मारला होता : वायरलेस नाही, नोमॅडपेक्षा (तेव्हाचा दुसरा एक म्युझिक प्लेअर) जागा कमी, भिकार. आजही त्यावरून त्यांची थट्टा होते. आमच्या मते असा शेरा निरुपद्रवी. तो बातमीपासून वेगळा होता, लिहिणारा कोण ते माहीत होतं, वाचणाऱ्याला तो सोडून देता येत होता. खरा त्रास मथळ्यातल्या क्रियापदाने होतो. एका कंपनीने ‘सांगितलं’ आणि दुसरीने ‘दावा केला’, एकीने ‘दुरुस्ती केली’ आणि दुसरीला ‘दुरुस्ती करावी लागली’. एकाच प्रकारच्या घटनांची वीसेक शीर्षकं घेऊन त्यांतली फक्त क्रियापदं दोन रकान्यांत लिहा. कल असेल तर तो त्या दोन रकान्यांत दिसतो, नसेल तर नाही.

हॅकर न्यूजवर एका मोठ्या कंपनीवर टीका करणारा लेख दीडशेच्या वर गुण मिळवून पहिल्या पानावर होता. अर्ध्या तासात तो तिसऱ्या पानावर गेला, गुण मात्र वाढतच होते. हे संपादकांनी केलं नाही तर कुणी? – एक वाचक, पुणे

करू शकणारे चौघे आहेत, आणि संपादक त्यांतला एक.

पहिला म्हणजे वेळ. हॅकर न्यूजच्या जाहीर झालेल्या जुन्या कोडवरून मांडलं जाणारं सोपं सूत्र असं : मिळालेल्या गुणांतून एक वजा करा, बातमीचं वय तासांत घेऊन त्यात दोन मिळवा आणि त्या बेरजेचा १.८ वा घात काढा. पहिल्या आकड्याला दुसऱ्याने भागा. तासाभरापूर्वीच्या बातमीला ११ गुण असतील तर उत्तर १.४ च्या आसपास येतं. तेवढंच उत्तर सहा तास जुन्या बातमीला हवं असेल तर ६० गुण लागतात आणि बारा तास जुनीला साधारण १६०. म्हणजे तुमचा दीडशे गुणांचा लेख सकाळचा असेल तर संध्याकाळी नुकत्याच आलेल्या अकरा गुणांच्या बातमीने त्याला मागे टाकणं हा नुसता भागाकार आहे. पण वेळेमुळे होणारी घसरण हळूहळू होते. अर्ध्या तासात दोन पानं खाली, हे वेळेचं काम नाही.

दुसरा संशयित म्हणजे इतर सदस्य. साधारण तीसपेक्षा जास्त कर्मगुण (इतरांच्या मतांतून सदस्याच्या खात्यात जमलेले गुण) असलेल्या सदस्याला नोंद ‘फ्लॅग’ करता येते, म्हणजे तिच्यावर आक्षेप नोंदवता येतो. पुरेसे फ्लॅग पडले की शीर्षकाशेजारी तशी खूण दिसते आणि पुढे नोंद ‘मृत’ होते. लोकांच्या लक्षात येत नाही ते असं की थोडे फ्लॅग पडले तर खूण दिसत नाही, तरीही क्रम घसरतो. ज्या कंपनीवर टीका आहे तिचे चाहते आणि कर्मचारी तिथे कमी नसतात.

तिसरा, भांडणशोधक. गुणांपेक्षा प्रतिसादच जास्त झाले की चर्चा तापली असं समजून सॉफ्टवेअर त्या धाग्याला खाली ढकलतं. २०१३ मध्ये केन शिरीफ या अभियंत्याने पहिल्या पानावरचा प्रत्यक्ष क्रम आणि सूत्राने येणारा क्रम ताडून पाहिला. चाळीसहून जास्त प्रतिसाद आणि तेही गुणांहून अधिक, अशा धाग्यांना दंड बसतो असं त्याला आढळलं. काही संकेतस्थळांवरून आलेल्या लेखांना आणि शीर्षकातल्या काही शब्दांनाही दंड होता. टीकेचे लेख भांडण ओढवून घेतात, त्यामुळे हा नियम कुणाचं नाव न घेताही टीकेच्याच वाटेला जास्त जातो. याला पक्षपात म्हणायचं का? परिणाम एकतर्फी असेल तर म्हणायला हरकत नाही. फक्त आरोप नियमावर करा, माणसावर नको.

चौथा, संपादक. ते हाताने क्रम खाली-वर करतात हे त्यांनी लपवलेलं नाही. कोणत्या धाग्यावर केलं याची जाहीर नोंद मात्र नसते, आणि आमच्या मते त्या संस्थळाची ही सर्वांत मोठी उणीव आहे.

या चौघांतला कोण, ते ओळखायचं तर मोजमाप हवं. हॅकर न्यूजची एपीआय (प्रोग्रामला संस्थळावरची माहिती थेट उतरवून घेता येईल अशी सोय) २०१४ पासून खुली आहे, त्यासाठी कसली परवाना-किल्ली लागत नाही. तिच्यातल्या ‘टॉप स्टोरीज’ यादीत पाचशेपर्यंत नोंदींचे क्रमांक त्या घडीच्या क्रमाने मिळतात. दर दहा मिनिटांनी ही यादी उतरवून घ्या आणि तुमच्या लेखाचं स्थान, गुण आणि प्रतिसादांची संख्या तक्त्यात भरा. वेळ १ जानेवारी १९७० पासूनच्या सेकंदांत येते. भारतीय वेळेसाठी तिच्यात १९,८०० मिळवा. यात सगळेजण एक चूक करतात, ते फक्त आपलाच लेख मोजतात. त्याच अर्ध्या तासात आलेल्या दुसऱ्या चार-पाच बातम्याही मोजा, नाहीतर सगळंच पान हललं की तुमचाच लेख हलला हे कळणार नाही. प्रतिसाद गुणांच्या पुढे गेले त्याच सुमारास उडी खाली दिसली तर भांडणशोधक. प्रतिसाद कमी, गुण वाढते आणि तरी एकदम पन्नास स्थानं खाली, तर फ्लॅग किंवा संपादक. या दोघांतला फरक बाहेरून कळत नाही. पानाच्या तळाशी संपर्काचा दुवा आहे, तिथे विचारावं लागतं. साध्या भाषेत विचारलं तर उत्तर येतं.

जुन्या पण चांगल्या बातम्यांना संपादक दुसरी संधीही देतात आणि तेव्हा दिसणारं वय नवं होतं. तक्त्यात वेळ मागेपुढे झालेली दिसली तर नोंदीचा क्रमांक पाहा. तो चढत्या क्रमाने दिलेला असतो, त्यावरून खरं वय कळतं.

पुण्याहून बातमी पाठवणाऱ्यांनी घड्याळाचाही विचार करावा. आपले सकाळचे दहा म्हणजे कॅलिफोर्नियात आदल्या रात्रीचे साडेनऊ, उन्हाळ्यात; हिवाळ्यात साडेआठ. न्यूयॉर्क तेव्हा झोपायला निघालेलं असतं. पहिल्या तासात मत द्यायला माणसंच नसतील तर दोष संपादकांना देऊन उपयोग नाही. आपल्या संध्याकाळी साडेपाच-सहानंतर पाठवून पाहा.

माझ्या नोंदीचं शीर्षक परस्पर बदललं आणि अर्थच उलटा झाला. – एक वाचक, नागपूर

हॅकर न्यूजचा नियम : मूळ लेखाचं शीर्षक जसंच्या तसं द्या, ते दिशाभूल करणारं किंवा आमिष दाखवणारं असेल तरच बदला. मर्यादा ८० अक्षरांची. सदस्याने स्वतःचं मत शीर्षकात घुसवलं तर संपादक ते काढतात, आणि यात ते बरोबर आहेत. तुमच्या बाबतीत माणसाऐवजी यंत्राने हात मारला असण्याची शक्यता जास्त. इंग्रजी शीर्षकाच्या सुरुवातीचा ‘हाऊ’ आणि काही आकडे सॉफ्टवेअर आपोआप कापतं. ‘आम्ही ग्राहक कसे गमावले’ याचं ‘आम्ही ग्राहक गमावले’ होऊन बसतं. पाठवल्यानंतर थोडा वेळ संपादनाची सोय असते, तेवढ्यात कापलेला शब्द परत घाला. दुसऱ्यांदा सॉफ्टवेअर तो कापत नाही.

संस्थळ विकत घेणाऱ्या कंपनीविरुद्धच्या बातम्या तिथे येतात का, हे कसं ओळखायचं? – एक वाचक, ठाणे

पत्रांतला सर्वांत चांगला प्रश्न हा. काय छापलं यावरून सगळे भांडतात, काय छापलं नाही तिकडे कुणी बघत नाही.

२०१२ मध्ये डाइस होल्डिंग्ज या कंपनीने स्लॅशडॉट आणि मुक्त सॉफ्टवेअर उतरवून घेण्याचं संस्थळ सोर्सफोर्ज ही दोन्ही एकाच व्यवहारात घेतली. मे २०१५ मध्ये सोर्सफोर्जने विंडोजसाठीच्या जिंप या चित्रसंपादन सॉफ्टवेअरचं पान आपल्या ताब्यात घेतलं आणि त्याच्या इन्स्टॉलरमध्ये जाहिरातींचं सॉफ्टवेअर जोडलं. मुक्त सॉफ्टवेअरवाल्यांत संताप उसळला, बाकी सगळीकडे बातमी झाली. मुक्त सॉफ्टवेअर हा ज्याचा जीव की प्राण, त्या स्लॅशडॉटवर मात्र ती दिसेना. वाचक ती पुन्हा पुन्हा पाठवत राहिले, ‘मालकाची बातमी दाबताय’ असा गलका झाला, आणि मग ती उशिरा लागली. सोर्सफोर्जने जूनमध्ये माघार घेतली. जानेवारी २०१६ मध्ये दोन्ही संस्थळं पुन्हा विकली गेली आणि नव्या मालकाने ती जोडगिरी बंद केली.

तपासण्याची रीत यातूनच मिळते. मालक कोण, त्याच्या आणखी कोणत्या कंपन्या आहेत, हे पानाच्या तळाशी आणि ‘आमच्याविषयी’मध्ये पाहा. त्या कंपन्यांबद्दल वर्षभरात इतरत्र आलेल्या प्रतिकूल बातम्यांची यादी करा, दहा-बारा पुरेत. प्रत्येकीपुढे दोन वेळा लिहा : इतरत्र पहिल्यांदा कधी आली, इथे कधी. तिसऱ्या रकान्यात मालकाशी संबंध नसलेली त्याच वजनाची एक बातमी आणि तिला झालेला उशीर. दोन उशिरांतला फरक हे तुमचं उत्तर. बातमी अजिबात आली नसेल तर रांगेत शोधा. कुणी पाठवलीच नसेल तर दोष वाचकांचाही आहे.

हॅकर न्यूज चालवणारी वाय काँबिनेटर ही नवउद्योगांत पैसे गुंतवणारी संस्था आहे. तिच्या कंपन्यांच्या नोकरीच्या जाहिराती पहिल्या पानावर येतात आणि त्यांना ना मत देता येतं ना प्रतिसाद. हे उघड आहे, त्यामुळे तक्रारीचं कारण नाही. स्वतःवर किंवा आपल्या कंपन्यांवर टीका असेल तिथे हस्तक्षेप कमी करायचा, असं तिथले संपादक वेळोवेळी जाहीर सांगत आले आहेत. तेही वरच्याच तक्त्याने तपासा.

लोकांना न रुचणारं पण पुराव्यानिशी लिहिलं तरी माझे प्रतिसाद ‘भडकाऊ’ ठरवून दडपले जातात. – एक वाचक, न्यू जर्सी

इथे संपादकांचा संबंध बहुधा नसतो; सहवाचकच हे करतात. स्लॅशडॉटवर प्रतिसादाचे गुण उणे एक ते पाच. निनावी प्रतिसाद शून्यावर सुरू होतो, सदस्याचा एकवर, चांगलं कर्म असलेल्याचा दोनवर. काही सदस्यांना आळीपाळीने पाच-पाच गुण वाटायला मिळतात, ते तीन दिवसांत वापरावे लागतात, आणि ज्या चर्चेत स्वतः लिहिलं तिथे वापरता येत नाहीत. मराठीत ‘ऐसी अक्षरे’ या संस्थळावरच्या मार्मिक, रोचक, माहितीपूर्ण, खवचट, भडकाऊ, निरर्थक या श्रेणी याच जातकुळीतल्या.

या पद्धतीतली पळवाट जुनी आहे. ‘भडकाऊ’ किंवा ‘विषयांतर’ असा शिक्का मारला तर तो योग्य होता का, हे फेरतपासणीत दुसरे सदस्य पाहत. ‘वाजवीपेक्षा जास्त गुण’ हा शिक्का मात्र त्या तपासणीत येतच नसे. मग ज्याला नुसतं दडपायचं आहे तो कोणता शिक्का वापरील? तुमच्या दडपलेल्या प्रतिसादांवर कोणते शिक्के आहेत ते मोजा. बहुतेक हाच असेल तर तुमच्या संशयात दम आहे. ‘भडकाऊ’च असेल तर पहिलं वाक्य एखाद्या तिऱ्हाइताला वाचायला द्या, पुरावा तिसऱ्या परिच्छेदात आणि टोमणा पहिल्या ओळीत, अशी रचना फार आढळते.

स्लॅशडॉटवर वाचताना किमान गुणांचा उंबरठा उणे एकवर ठेवला की दडपलेलं सगळं दिसतं. हॅकर न्यूजवर त्यासाठी प्रोफाइलमध्ये ‘शो डेड’ सुरू करा. मृत प्रतिसाद योग्य वाटला तर तीसपेक्षा जास्त कर्मगुण असलेल्याला त्याची हमी देऊन तो जिवंत करता येतो. उणे मत द्यायला मात्र पाचशे लागतात.

बहिष्काराने काही होतं का? – एक वाचक, कोल्हापूर

मागणी एका वाक्यात मावत असेल तर होतं. १ मे २००७ रोजी डिग या अशाच वाचकांच्या मतांवर चालणाऱ्या संस्थळाने एचडी-डीव्हीडी या चित्रपट-तबकडीचं कुलूप उघडणारी ३२ अंकाक्षरी किल्ली असलेल्या नोंदी काढल्या. सदस्यांनी पहिलं पान त्याच किल्लीने भरून टाकलं आणि त्याच रात्री संस्थापक केव्हिन रोझ यांनी माघार जाहीर केली. ऑगस्ट २०१० मध्ये डिगची चौथी आवृत्ती आली. नापसंतीचं बटण गेलं, प्रकाशकांना आपल्या बातम्या आपोआप ओतण्याची सोय झाली. लोकांनी निषेध म्हणून पहिलं पान प्रतिस्पर्धी रेडिटच्या दुव्यांनी भरलं. या वेळी डिग वेळेत मागे फिरलं नाही, आणि बरेचजण रेडिटवर गेले ते गेलेच.

फेब्रुवारी २०१४ मध्ये स्लॅशडॉटच्या नव्या रूपाविरुद्ध १० ते १७ तारखेचा बहिष्कार झाला. त्यातून सॉयलेंटन्यूज हे वेगळं संस्थळ त्याच महिन्यात उभं राहिलं. स्लॅशडॉटचं मूळ सॉफ्टवेअर मुक्त होतं म्हणून हे इतक्या लवकर जमलं. पण तो पर्ल भाषेतला कोड अपाची १.३ या जुन्या सर्व्हर सॉफ्टवेअरवर बेतलेला होता आणि तो नव्या सर्व्हरवर आणताना स्वयंसेवकांचा घाम निघाला. नवी चूल मांडण्याचा विचार असेल तर आधी कोड किती जुना आहे ते बघा.

आम्ही महाविद्यालयातले काही विद्यार्थी असंच मराठी संस्थळ सुरू करतो आहोत. पक्षपाताचा आरोप टाळायला काय करावं? – वाचक, सांगली

आरोप टळणार नाही. तो आला की दाखवायला कागद हवा. लॉबस्टर्स हे संस्थळ २०१२ पासून संपादकांची प्रत्येक कृती जाहीर नोंदवहीत ठेवतं : कुणी, काय, का. कोणत्या सदस्याने कुणाला आमंत्रण दिलं हेही तिथे सगळ्यांना दिसतं, त्यामुळे डू-आयडींचा (एकाच माणसाने घेतलेल्या दुसऱ्या नावांचा) सुळसुळाट लवकर उघडा पडतो. तेवढी नोंदवही पहिल्या दिवसापासून ठेवा. कारणाचा रकाना रिकामा सोडता येणार नाही अशी सोय कोडमध्येच करा, आणि कारण म्हणून लिखित नियमाचा क्रमांक निवडायला लावा. ‘इतर’ हा पर्याय देऊ नका. दिलात तर महिन्याभरात सगळी कारणं ‘इतर’ होतात. स्वतःच्या महाविद्यालयाबद्दलची किंवा प्रायोजकाबद्दलची नोंद काढायची असेल तर दोघांची संमती, आणि त्यांतला एक तरी तिथला विद्यार्थी नसावा.

शब्द पाहून नोंद उडवणारा बॉट (आपोआप चालणारा प्रोग्राम) बसवू नका. रेडिटच्या तंत्रज्ञान विभागात असा बॉट होता. शीर्षकात ‘एनएसए’, ‘बिटकॉइन’, ‘टेस्ला’ असे शब्द आले की नोंद गुपचूप गायब व्हायची. एप्रिल २०१४ मध्ये ती यादी बाहेर आली, संपादकांची आपसांत जुंपली आणि रेडिटने तो विभाग आपल्या मुख्य विभागांच्या यादीतून काढला. शब्दांवर लक्ष ठेवायचंच असेल तर बॉटने नोंद बाजूला काढून माणसाच्या रांगेत टाकावी, पाठवणाऱ्याला तसं कळवावं, आणि शब्दांची यादी नियमांच्या पानावर असावी. रांगेत चोवीस तासांत कुणी हात लावला नाही तर नोंद आपोआप प्रकाशित व्हावी. परीक्षेच्या दिवसांत तुमची रांग तुंबणार आहे, तेव्हा हा शेवटचा नियम आधी लिहा.